ना धड पॉम, ना धड डॅश... चिकूला ओळखायचं कसं?

पत्र: आम्ही सोलापुरात मुरारजी पेठेत राहतो. नणंदेची बदली बंगलोरला झाली, तिकडच्या फ्लॅटमधे जमेना म्हणून त्यांचा चिकू आमच्याकडं आलाय, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. वय अडीच वर्षं, वजन सात किलो. आई पॉमेरियन आणि बाप डॅशहंड असं सांगितलंय, लांब पाठ, आखूड पाय आणि अंगावर भरपूर केस. आज बारा दिवस झाले, दिवसभर दिवाणाखालीच बसून असतो, रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन खातो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यानं खाली हात घालून ओढायला बघितलं तर गुरगुरला, तेव्हापासून घरात टेन्शन आहे. बेल वाजली की मात्र घर डोक्यावर घेतो. सासूबाई प्रेमानं भाकरी आणि शेंगाचटणी घालतात, त्यांच्या हातचं खातो पण. तरी त्या म्हणतात, ना धड पॉम ना धड डॅश, असल्याचा स्वभाव कळणार कसा? मिस्टर म्हणतात महिनाभर बघू, नाहीतर परत पाठवू. याचा स्वभाव नक्की काय असेल आणि तो आमच्यात रुळेल का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात, ती म्हणजे चिकू आला कधी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आणि राहताय मुरारजी पेठेत! म्हणजे त्या बिचाऱ्यानं घर बदललं, माणसं बदलली, आणि लगेच गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा सुरू, हलगी, बँड, नंदीध्वजांची मिरवणूक, रात्रभर माणसांची वर्दळ आणि वर होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. आपल्याला वर्षभर ज्याची ओढ असते ते त्याच्यासाठी काय असेल विचार करा. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत, आणि बारीक आवाजसुद्धा तो आपल्यापेक्षा कितीतरी लांबून टिपतो. त्यात त्याला हे माहीतच नाही की हा आवाज चार दिवसांनी थांबणारे. त्यामुळं हे बारा दिवस मोजूच नका. दारूकाम झालं, शहर शांत झालं, तिथून त्याचा पहिला दिवस धरा.

कुत्रं दत्तक देणारी मंडळी एक ढोबळ हिशोब सांगतात, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस नुसती भीती आणि गोंधळ, तीन आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळायला लागतं, आणि खरा स्वभाव दिसायला तीनेक महिने जातात. हा काही नियम नाही, कुणी लवकर उघडतं कुणी उशिरा, पण मिस्टरांना हे नक्की सांगा की महिन्याची मुदत अर्धवट आहे, कारण महिन्यात तुम्हाला चिकू दिसणारच नाही, घाबरलेला चिकू दिसेल. आणि परत पाठवायचं म्हणजे पाठवायचं कुठं, नणंदेकडं जमत नाही म्हणूनच तो इथं आलाय ना, म्हणजे तिसरं घर आणि परत पहिल्यापासून सगळं.

आता दिवाण. तो दिवाणाखाली बसतो हे वाईट वाटून घेऊ नका. उलट घरात एक जागा त्याला सेफ वाटलीये आणि रात्री बाहेर येऊन तो जेवतोय, ही दोन्ही चांगली लक्षणं आहेत, खरी काळजी कुत्र्यानं दोन-दोन दिवस खाणं सोडलं की करायची. तर ती जागा त्याचीच ठेवा. खाली एखादी जुनी सोलापुरी चादर अंथरा, पाण्याचं भांडं जवळ ठेवा, आणि घरात सगळ्यांना एकच सांगा की दिवाणाखाली कुणी हात घालायचा नाही, झाडू घालायचा नाही, वाकून वाकून बघायचं नाही. झाडायचं असेल तर तो बाहेर गेल्यावर. नणंदेला फोन करून तिचा किंवा त्यांच्या घरातला एखादा न धुतलेला टॉवेल किंवा उशीचा अभ्रा पाठवायला सांगा, धुतलेला नको हां. कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी वीस कोटींच्या वर असतात, आपल्या पन्नास-साठ लाखांच्या आसपास, म्हणजे ओळखीचा वास ही त्याच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे बघा. फोन केलाच आहे तर लसीकरणाचं कार्डही मागून घ्या, आणि तिकडं त्याला काय हाक मारायचे, कोणत्या शब्दाला तो बसायचा, कुठल्या वेळेला फिरायला जायचा, हे सगळं लिहून घ्या.

मग रोज एक ठरलेली वेळ धरा, संध्याकाळी सातची म्हणा, आणि तुमच्यातल्या एकानं दिवाणापासून चार-पाच फुटांवर जमिनीवर बसायचं, त्याच्याकडं तोंड करून नाही तर थोडं आडवं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, मोबाईल बघा, भाजी निवडा, शेंगा सोला, काही करा. मधेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा त्याच्या बाजूला टाकायचा आणि परत आपलं काम. हाक मारायची नाही. पहिल्या दिवशी तो येणार नाही, कदाचित तिसऱ्या-चौथ्या दिवशी पण येणार नाही, मग एके दिवशी नुसतं नाक बाहेर येईल, आणि तेव्हा सगळ्यात मोठा मोह होतो तो पटकन हात पुढं करायचा, तो आवरा. तो येऊन तुमचा हात हुंगेल, परत जाईल, परत येईल. स्पर्श करायची वेळ आली की डोक्यावरून हात फिरवायचा नाही, वरून येणारा हात बहुतेक लहान कुत्र्यांना आवडत नाही, छातीला किंवा हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. थांबल्यावर तो जवळ सरकला तर अजून करा, मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली, अंग झाडलं तर आजच्यापुरतं बास. एवढं एक जरी घरात सगळ्यांनी पाळलं ना ताई, की थांबायचं आणि त्याला विचारायचं, तर निम्मं काम झालं.

आता गुरगुरण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरात टेन्शन त्याचंच आहे आणि इथंच लोक कुत्र्यावर सगळ्यात मोठा अन्याय करतात. तुमच्या मुलानं अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालून त्याला ओढायला बघितलं. चिकूला मागं सरकायला जागा नव्हती. त्याच्याकडं दात होते, तरी त्यानं ते वापरले नाहीत, त्यानं आवाज करून सांगितलं की मला नको आहे. म्हणजे कुत्र्यानं जे करायला पाहिजे तेच त्यानं केलं! कुत्रं चावतं तेव्हा ते अचानक चावलं असं आपण म्हणतो पण बहुतेक वेळा त्याआधी त्यानं बरंच काही सांगितलेलं असतं, अंग ताठ होतं, कान मागं जातात, डोळ्याचा पांढरा भाग कडेनं दिसायला लागतो, तोंड घट्ट मिटतं, आणि सगळं करून कुणी ऐकलं नाही की गुरगुर. आता या गुरगुरीबद्दल त्याला रागवलात, चापट मारली, तर त्याची भीती जात नाही, फक्त सूचना जाते. पुढच्या वेळी तो आवाज न करता थेट चावेल. म्हणून गुरगुरला की हात मागं घ्यायचा, बाजूला व्हायचं, आणि आपण काय केलं म्हणून तो गुरगुरला ते लक्षात ठेवायचं.

एक गोष्ट चिकूच्या बाबतीत अवघड आहे. शेपूट पाठीवर वळलेली असेल ना आईसारखी? तशा शेपटीचं कुत्रं खूश आहे का ताठलंय ते शेपटीवरून पटकन कळत नाही, आणि केस जास्त असल्यानं अंगावरचे केस उभे राहिलेलेही दिसत नाहीत. म्हणून त्याचं तोंड आणि डोळे बघायला शिका. तोंड सैल, थोडंसं उघडं, डोळे मऊ, म्हणजे बरं चाललंय.

मुलाला मात्र यातून बाजूला काढू नका. नऊ वर्षांचं पोर आहे, त्यालाही वाईट वाटलं असणार, एवढ्या हौसेनं कुत्रं आलं आणि ते आपल्यावरच गुरगुरलं. त्याला काम द्या. रोज तो जमिनीवर बसून, लांबूनच, मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचेल, हळू आवाजात, आणि पानामागं एक तुकडा टाकेल. चिकूच्या जेवणाचं भांडं तो भरेल, तुम्ही शेजारी असताना. जेवताना, झोपलेला असताना आणि दिवाणाखाली असताना चिकूला हात लावायचा नाही एवढे तीन नियम त्याला पाठ पाहिजेत, आणि पहिले काही महिने दोघांना एकटं सोडायचं नाही, मुलावर विश्वास नाही म्हणून नाही, कुत्रं आणि लहान मूल यांच्याबाबतीत ते सगळीकडंच पाळायचं असतं. आणि चुकून कधी दात किंवा नख लागलं तर लस झालेली असो नसो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडं येते, तो मनापासून चांगला प्रश्न आहे. 2022 साली 'सायन्स' नावाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरून दिली होती आणि त्यातल्या दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला होता, त्यात मिक्स कुत्रीही भरपूर होती. निष्कर्ष काय, तर कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला फक्त नऊ टक्के फरक जातीमुळं आहे असं सांगता येतं. नऊ टक्के! म्हणजे सासूबाईंच्या हातात शुद्ध पॉमेरियनचं सर्टिफिकेट जरी असतं तरी स्वभाव काय हे त्यांना असंच रोज बघूनच कळलं असतं. तसं बघितलं तर आपल्याकडं पॉमेरियन म्हणतात ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, खरं पॉमेरियन फार छोटं, साडेतीन किलोच्या आत. तर चिकूची आई कोण हेही आपण लोक म्हणतात म्हणूनच धरून चाललोय.

थोड्या सवयी येतात घराण्यातून, नाही असं नाही. डॅशहंड जर्मनीत बिळात शिरून बॅजर नावाचा प्राणी बाहेर काढायला तयार केलेली जात आहे, त्यामुळं चादरीत घुसणं, कोपरे उकरणं, अंधाऱ्या सांदीत आरामात पडून राहणं हे चिकू पुढं रुळल्यावरही करेल कदाचित. स्पिट्झ लोकांना दारावर लक्ष ठेवायची हौस. पण दिवाणाखाली तर घाबरलेलं कुठलंही कुत्रं बसतं, म्हणून आत्ताच्या वागण्याला जातीचं लेबल लावू नका. त्यापेक्षा एक वही करा आणि घरातल्या प्रत्येकानं चिकूबद्दल दिसलेली एक गोष्ट रोज त्यात लिहायची, कुकरच्या शिट्टीला दचकला, कुकर उघडल्यावर मात्र किचनच्या दारापर्यंत आला, निळ्या बॉलकडं बघत होता, असलं काहीही. (बॉल निळा किंवा पिवळाच घ्या, कुत्र्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, हिरवळीवर टाकलेला लाल बॉल त्याला रंगावरून सापडत नाही.)

मिक्स असल्याचा खरा फरक पडतो तो शरीरात, आणि इथं लक्ष द्यायलाच पाहिजे. चिकूची पाठ लांब आणि पाय आखूड आहेत. डॅशहंडमधे पाय आखूड करणारे जे जनुकीय बदल आहेत त्यातलाच एक मणक्यांमधल्या चकत्या लहान वयात कडक करतो, डॅशहंडमधे साधारण चारातल्या एकाला आयुष्यात कधीतरी पाठीचा त्रास होतो असं मानतात, आणि मिक्समधेही तो बदल येऊ शकतो. म्हणून सोफ्यावरून, पलंगावरून उड्या नकोत, जिन्यावर उचलून न्या, उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ राहिली पाहिजे, पुढच्या पायांना धरून लोंबकळत तर कधीच नाही. फरशी गुळगुळीत असेल तर तो जिथून ये-जा करतो तिथं सतरंजी टाका. आणि कधी मागचे पाय लटपटायला लागले, पाय ओढतोय असं वाटलं, पाठीला हात लावल्यावर केकाटला, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गळ्यात पट्टा नुसता नाव लिहिण्यापुरता, फिरवायला छातीचा हार्नेस घ्या, लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, पट्टा ओढून ओढून खोकला लागतो.

वजन वाढलं की पाठीवर भार, म्हणून आता खाणं. भाकरी चालेल, थोडी, पण शेंगाचटणी आजपासून बंद! सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांच्या हातचं तो खातो हे केवढं मोठं आहे, पण चटणीत लसूण असतो आणि कांदा-लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, थोडं थोडं रोज गेलं तरी साचत जातं, वर तिखट-मीठ वेगळंच. त्यांना त्याऐवजी उकडलेलं चिकन, अंडं, साधा दहीभात, उकडलेला भोपळा किंवा गाजर हातानं भरवू दे, म्हणजे त्यांची दोस्ती तशीच राहील, आणि सध्या घरात त्याची सगळ्यात जास्त दोस्ती त्यांच्याशीच आहे हे त्यांना आवर्जून सांगा. सात किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 400 ते 450 कॅलरी लागतात, एक मोठी भाकरी गेली की त्यातला बराच हिस्सा तिथंच संपतो. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसायला नकोत. आणि आता फेब्रुवारी-मार्चला नान्नजची द्राक्षं घरात यायला लागतील, द्राक्षं आणि मनुके-बेदाणे एकही द्यायचा नाही, किडनी जाते. चॉकलेट नाही, चहा नाही, शिजवलेली हाडं नाहीत.

अजून एक, सोलापुरातल्या घरात हे हमखास होतं. सून मराठीत बोलते, सासूबाई कन्नडमधे, शेजारच्या काकू तेलुगूत, आणि कुत्रं पुण्यामुंबईकडून इंग्रजी कमांड शिकून आलेलं. तुमच्याकडं कसं आहे माहीत नाही पण एक 'इकडं ये' म्हणतो, एक 'बा इल्ली', एक 'कम', तो बिचारा तिघांकडं बघत बसतो. त्याला किती भाषा येतात याचा प्रश्न नाही, कुत्री बरेच शब्द शिकतात, पण सुरवातीला एका कामाला एकच शब्द ठेवा, नणंदेकडं जो होता तोच, आणि तो सगळ्यांनी तसाच म्हणायचा.

बेलचं भुंकणं आत्ताच बंद होणार नाही, भीतीतून येतंय ते. ओरडू नका, तुम्ही पण भुंकताय असं त्याला वाटतं. येणाऱ्या पाहुण्यांना फोन करून यायला सांगा, बेल नको. मग थोडा रुळला की मोबाईलवर बेलचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि लगेच तुकडा टाकायचा, दिवसातून चार-पाच वेळा, हळूहळू आवाज वाढवत न्यायचा. वेळ लागतो पण होतं.

फिरणं सध्या सकाळी अगदी लवकर, गल्लीत वाहनं आणि मोकाट कुत्री उठायच्या आत, दहा मिनिटं पुरे, त्याला ओढत न्यायचं नाही, एकाच खांबाला पाच मिनिटं हुंगायचं असेल तर हुंगू दे, त्याला सोलापूर असंच कळणार आहे. मार्चपासून मात्र वेळा कडक पाळा. आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, चिकूचं पोट जमिनीपासून वीतभर वर, खालून डांबराची सगळी धग त्याला लागते. हाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्यालाही नाही. केस वस्तऱ्यानं काढून टाकू नका, लोक उन्हाळ्यात करतात तसं, स्पिट्झचे दोन थरांचे केस उन्हापासूनही वाचवतात आणि काढले की नीट परत येतीलच असं नसतं, रोज विंचरून आतले गळके केस काढा, तेवढं बास. खूप धापा टाकतोय, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, तर लगेच सावलीत, अंगावर साधं गार पाणी, पंखा, आणि तसंच ओलं घेऊन डॉक्टरकडं. नळाला पाणी रोज येत नाही हे मला माहितीये, तरी त्याच्यासाठी एक कळशी बाजूला राहू द्या.

डॉक्टरकडं एकदा जाऊन याच, पण अजून आठवडाभर थांबून, तो हाताला यायला लागल्यावर, जर आजारी वाटत नसेल तर. रेबीजच्या लसीची आणि सेव्हन-इन-वन या एकत्रित लसीची तारीख बघा, जंताचं औषध, गोचिडांसाठी औषध (गोचिडांचा ताप आपल्या भागात फार कुत्र्यांना होतो, हे टाळू नका), दात आणि मागच्या गुडघ्याच्या वाट्या तपासायला सांगा, छोट्या कुत्र्यांत दोन्हींचा त्रास कॉमन असतो. नसबंदी झालेली नसेल तर त्याबद्दलही विचारा. कुणी म्हणेल वेगळं दिसतंय, पिल्लं काढा, तर नाही म्हणा, ती पाठ पुढच्या पिल्लांना देऊ नका.

मिस्टरांना वहीत लिहायला बसवा. दीडेक महिन्यानं मला परत पत्र टाका, वहीतलं काय काय जमलं ते, चिकूचं वजन आणि बेलचं काय झालं ते कळवा, आणि मुलाला म्हणावं त्याच्या चार ओळी तरी त्यात पाहिजेतच.